घर बदलावं का? सोय कोणाची मोजायची?

(डोंबिवलीत झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्त्या बँकेच्या गृहकर्ज विभागातून निवृत्त झाल्या आहेत. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला काही भाग दिला आहे.)



व्याख्यान साडेसहाला होतं, आता सव्वासात वाजलेत. संयोजक मघाशी माझी माफी मागत होते. म्हटलं, माफी कसली मागताय, मी या गावात अठरा वर्षं राहिले आहे. इथे सहाच्या कार्यक्रमाला लोक सातला येतात ते काही आळशी म्हणून नव्हे. गाडी आता पोचली म्हणून. हे बघा, मागच्या दारातून आणखी तीन-चार जण पाठीला सॅक लावून आत आले. या, पुढे खुर्च्या आहेत. आजचा विषय तुमच्यासाठीच आहे.

विषय तसा प्रत्येक घरात निघणारा. ऑफिस लांब पडतं, मुलांची शाळा लांब पडते, स्टेशन गाठायलाच वीस मिनिटं लागतात, तर आता सोयीच्या जागी राहायला जावं का? बँकेत शेवटची सोळा वर्षं मी गृहकर्जाची प्रकरणं बघितली. समोर बसलेल्या माणसाला मी विचारायची, घर का बदलताय? दहातले सात-आठ जण म्हणायचे, "मॅडम, सोयीचं पडेल." मग मी अर्ज पुढे सरकवायची. कोणाच्या सोयीचं, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. तो प्रश्न फॉर्मवर नसतो.

आज तोच प्रश्न आपण घेऊ. माझ्या घरात काय झालं तेही सांगणार आहे, कारण आकडे सांगून कोणी घर बदलत नाही आणि आकडे सांगून कोणी थांबतही नाही.

आधी थोडं मागे जाऊ. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, 34 किलोमीटर. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले. तेव्हापासून या पट्ट्यातल्या माणसाचं घर आणि त्याचं काम एकमेकांपासून दूर सरकत गेलं. गिरगावातल्या, लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहायची, पण बाप चालत गिरणीत किंवा पेढीवर जायचा. मग कुटुंब वाढलं, खोली वाढेना. तेव्हा लोकांनी सौदा केला: जागा घेतली आणि वेळ दिला. डोंबिवली, बदलापूर, विरार ही शहरं या सौद्यावर उभी आहेत. डोंबिवली ते सीएसएमटी सुमारे 48 किलोमीटर, बदलापूर 68, चर्चगेटहून विरार 60. हा सौदा मूर्खपणाचा होता असं मी अजिबात म्हणणार नाही. मुलांना अभ्यासाला कोपरा मिळाला, स्वतंत्र संडास मिळाला. ज्याने चाळीत रांगेत उभं राहून सकाळ काढली आहे त्याला विचारा संडासाची किंमत. (हशा)

आता आपण जो विचार करतो तो या सौद्याच्या उलटा. जागा थोडी देऊन वेळ परत विकत घ्यायचा. घ्यावा का?

यावर अभ्यास झालेले आहेत. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर हे दोन अर्थशास्त्रज्ञ झुरिकचे. त्यांनी जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती घेतली. अर्थशास्त्राच्या हिशोबाने लांबचा प्रवास करणारा माणूस सुखात कमी असता कामा नये, कारण त्याला त्या बदल्यात मोठं घर किंवा जास्त पगार मिळालेला असतो. नाहीतर तो तिथे राहिलाच नसता. पण माहिती वेगळंच सांगत होती. प्रवास जितका लांब, तितकं माणसाचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी. मोठ्या घराने ती भरपाई होत नव्हती. 2008 साली छापलेल्या त्या निबंधात त्यांनी याला प्रवासाचा विरोधाभास म्हटलं. असं का होतं, तर माझी समजूत अशी की मोठ्या हॉलची आपल्याला सहा महिन्यांत सवय होते. गर्दीची होत नाही, कारण गर्दी रोज वेगळी असते. आज चौथी सीट मिळाली, उद्या दारात लटकलो, परवा गाडीच रद्द.

डॅनियल काहनेमन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, नोबेलवाले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2004 साली छापलेल्या अभ्यासात टेक्सासमधल्या 909 नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा हिशोब लिहायला सांगितला: काय केलं आणि करताना कसं वाटलं. यादीच्या तळाला होता सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास. आता टेक्सासमधली बाई एकटी गारेगार मोटारीत बसून जाते आणि तिला तो आवडत नाही. आमच्या आठ-पाचच्या लेडीज डब्यात तिला एकदा चढवायला हवं होतं. (हशा) अर्थात एक सांगते, त्या डब्यातच माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या. हळदीकुंकू झालं, डोहाळजेवणं झाली, मटार सोलले, मेथी निवडली. म्हणजे प्रवास हा निव्वळ वाया गेलेला वेळ आहे असं धरून चालू नका. काहींसाठी तोच दिवसातला एकमेव स्वतःचा तास असतो.

तिसरा अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमधला, 2011 चा. तिथल्या कुटुंबांची माहिती तपासली तेव्हा लांबच्या प्रवासाचा मानसिक स्वास्थ्यावर वाईट परिणाम बायकांवर दिसला, पुरुषांवर तसा दिसला नाही. आणि ज्यांची मुलं लहान, शाळेत न जाणारी, त्या बायकांवर तो जास्त होता. का, ते या सभागृहातल्या अर्ध्या मंडळींना समजावून सांगायची गरज नाही. उरलेल्या अर्ध्यांनी घरी जाऊन विचारा. पुरुष गाडीतून उतरतो तेव्हा त्याचा दिवस संपतो. बाई गाडीतून उतरते तेव्हा कुकर लावायचा असतो.

म्हणून नवराबायको दोघं नोकरीला असतील आणि दोघांची ऑफिसं दोन टोकांना असतील, तर लोक नकाशावर मधला बिंदू शोधतात. एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. तो ऐरोलीला, ती लोअर परळला, घर बदलापूरला. मुलगी अडीच वर्षांची. मोठ्या हौसेने त्यांनी भांडुप काढलं होतं, दोघांना सारखं पडतं म्हणून. मी विचारलं, मुलीला पाळणाघरातून आणतं कोण? ती. मूल तापलं तर सुट्टी कोण काढतं? ती. मग मधला बिंदू न्याय्य कसा? ज्याच्या खांद्यावर घराची हाक येते, त्याच्या ऑफिसच्या जवळ घर पाहिजे. त्या गृहस्थांना माझं बोलणं आवडलं नाही. कर्ज त्यांनी भांडुपसाठीच घेतलं.

आता माझं सांगते.

1978 ला लग्न होऊन मी डोंबिवलीत आले. पूर्वेला, फडके रोडपासून चालत आठ मिनिटांवर. तळमजल्यावर दोन खोल्या. नोकरी फोर्टात. घरातून सव्वासातला निघायचं, बँकेत नऊ वाजून पाच मिनिटांनी सही. दारापासून टेबलापर्यंत 1 तास 50 मिनिटं. संध्याकाळी तेवढीच, पावसाळ्यात देव जाणे. अठरा वर्षं हे केलं. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई. 1996 ला बँकेकडून कर्ज मिळालं आणि आम्ही मुलुंडला घर घेतलं. चौथा मजला, लिफ्ट, बाल्कनी. हट्ट माझा होता, हे मोकळेपणाने सांगते. आमचे हे म्हणत होते, मुलीची दहावी होऊ दे. मी म्हटलं, तोवर मीच होणार नाही.

मुलुंडहून मला 1 तास 10 मिनिटं लागायला लागली. एका वेळचे 40 वाचले, दिवसाचे 80. वर्षाचे कामाचे दिवस 250 धरा. 20,000 मिनिटं, म्हणजे 333 तास. आठ तासांचा दिवस धरला तर 41 दिवस. वर्षाला 41 दिवस मला परत मिळाले! मी हा हिशोब कागदावर मांडून सगळ्यांना दाखवत होते.

त्या 41 दिवसांचं झालं काय? पहिला महिनाभर मी झोपले. मग साहेबांच्या लक्षात आलं की ह्या आता जवळ राहतात. "तुम्हाला काय, मुलुंड! शेवटचं एवढं करून जा." तिमाही हिशोबाच्या वेळी मी थांबायला लागले. सहा महिन्यांत वाचलेला निम्मा वेळ ऑफिसनेच खाल्ला. तर घर बदलण्याआधी हे ठरवा की वाचलेला तास कोणाला द्यायचा आहे. ठरवला नाहीत तर घेणारे टपलेले असतात.

आणि 1999 ला आमचं कार्यालयच बेलापूरला गेलं. (हशा) हसताय तुम्ही. मुलुंडहून कुर्ला, जिना चढून हार्बरचा फलाट, तिथून बेलापूर. पावणेदोन तास. डोंबिवलीत राहिले असते तर शिळफाट्यावरून बसने साधारण तेवढ्याच वेळात पोचले असते. ठाणे-वाशी गाडी सुरू झाली 2004 ला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. म्हणजे ज्या ऑफिससाठी मी घर हलवलं, ते तीन वर्षांत हललं. घराचं कर्ज मात्र पंधरा वर्षांचं होतं. आजकाल तर तीन वर्षांत माणूस स्वतःच नोकरी बदलतो. त्यामुळे सोय मोजताना एक भेद करा. काही ठिकाणं हलणारी असतात, काही न हलणारी. ऑफिस हलतं. मुलाची शाळा दहा वर्षांत संपते. आईवडील, भावंडं, तुमचा नेहमीचा डॉक्टर, स्टेशन, बाजार ही सहसा हलत नाहीत. हलणाऱ्या ठिकाणासाठी घर भाड्याने घ्यावं आणि न हलणाऱ्यासाठी विकत घ्यावं, असं माझं मत झालं आहे. उलट करणारे फार भेटले.

आता सासूबाई.

डोंबिवलीत त्यांचा दिवस आखलेला होता. सकाळी गणपतीचं देऊळ. येताना भाजी. दुपारी जिन्याखालच्या बाकावर चार बायका. मंगळवारी भजनी मंडळ, महिन्याची भिशी. डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी, त्यांना नाव सांगावं लागत नव्हतं. हे सगळं तळमजल्यावरून, चपला घातल्या की बाहेर. शहराच्या नियोजनात हल्ली पंधरा मिनिटांचं शहर ही कल्पना फार बोलली जाते. पॅरिसचे प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी ती मांडली: रोजची प्रत्येक गरज चालत किंवा सायकलने पंधरा मिनिटांत भागावी. माझ्या सासूबाई पंधरा मिनिटांच्या शहरात राहत होत्या. मी त्यांना तिथून उचलून चौथ्या मजल्यावर नेलं.

लिफ्ट होती. पण जाळीच्या दाराची. दोन्ही दारं नीट ओढली नाहीत तर मध्येच थांबणारी. एकदा त्या अडकल्या, दहा मिनिटं. त्यानंतर त्या एकट्या लिफ्टमध्ये कधी गेल्या नाहीत, आणि चार मजले उतरणं त्यांच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं. म्हणजे मी सकाळी घराबाहेर पडल्यापासून संध्याकाळी येईपर्यंत त्या घरात. चार वाजता बाल्कनीत उभ्या राहायच्या. तक्रार एकदाही केली नाही. "छान हवा येते गं," म्हणायच्या.

एक मात्र होतं. ब्लाउज शिवायला त्यांना डोंबिवलीचाच शिंपी लागायचा. महिन्या-दीड महिन्याने निघायचंच, "हा एवढा ब्लाउज टाकून येते." मग रविवारी आमचे हे त्यांना घेऊन जायचे. त्या तिथे दिवसभर बाकावर बसायच्या आणि रात्री परत. पुन्हा पंधरा दिवसांनी ब्लाउज आणायला. मी वैतागायची. मुलुंडला काय शिंपी नाहीत? आणि दोन-तीन कापडं एकदम का टाकत नाही?

2003 ला त्या गेल्या. कपाट आवरताना खालच्या खणात ब्लाउजपिसं सापडली. ओटीत आलेली, नीट घडी केलेली, सात. एकेक करून काढायच्या त्या.

(काही क्षण शांतता)

असो. पुढे जाऊ.

यातून मी जे शिकले ते तंत्र म्हणून सांगते. एक कागद घ्या. वर आडवं घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा. प्रत्येकाचं, शाळेत जाणाऱ्याचं आणि घरी राहणाऱ्याचंही. खाली त्या माणसाची आठवड्याभरातली सगळी येणीजाणी लिहा. ऑफिस ही एकच जागा नव्हे. क्लास, बँक, दवाखाना, देऊळ, माहेर, कट्टा. मग दोन घरांतून लागणारा वेळ लिहा, दारापासून दारापर्यंत. "स्टेशनपासून पाच मिनिटं" हे बिल्डरचं मिनिट असतं, ते कोण चालतं मला माहीत नाही. स्वतः चालून बघा. सोमवारी सकाळी, आणि जमलं तर जुलैत. आणि ज्याच्या गुडघ्यावर हा हिशोब बसणार आहे त्याला बरोबर घेऊन चाला. कागद भरलात की दिसतं, तीन जणांचा वेळ वाचतो आणि एकाचा आठवडाच रिकामा होतो. बेरीज करून हे दिसत नाही. बेरजेत माझे 80 मिनिटं जिंकतात. सासूबाईंचा प्रवास तर शून्यावर आला होता. कागदावर त्यांचीच सोय सगळ्यात जास्त झाली होती!

आता पैसे. इथे मी भराभर जाते, तुम्हाला बहुतेक माहीत असतं.

समजा ठाण्यात 80 लाखांचं घर घेतलं. मुद्रांक शुल्क ठाण्याकडे 7 टक्के, मुंबईत 6. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर 1 टक्का सवलत आहे, ती बहुतेक लोक घेत नाहीत, का ते मी बोलत नाही. (हशा) तर 5 लाख 60 हजार, नोंदणीचे 30 हजार. दलाली एक-दोन टक्के, जुनं विकतानाही आणि नवं घेतानाही. सोसायटीची हस्तांतरणाची रक्कम 25 हजारांहून जास्त मागत असतील तर भांडा, शहरात ती कमाल आहे. सामान हलवायच्या आधीच सात-आठ लाख गेले. हे पैसे कोणत्याही भिंतीत दिसत नाहीत. जुनं घर विकून नफा झाला आणि तो दोन वर्षांत दुसऱ्या घरात घातला तर करात सूट मिळते, ते सीएकडून समजून घ्या.

तर मग तासाची किंमत काढू. जवळचं घर घेण्यासाठी समजा 30 लाखांचं जादा कर्ज काढलं. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता येतो साधारण 26 हजार. माझ्यासारखे वर्षाला 333 तास वाचले, म्हणजे महिन्याला पावणेअठ्ठावीस, तर एक तास पडला साधारण 935 रुपयांना. महाग की स्वस्त हे मी सांगू शकत नाही. घरी दोन वर्षांचं मूल असेल तर 935 ला तो तास मिळणं म्हणजे फुकट आहे. तोच तास मोबाइल बघण्यात जाणार असेल तर गाडीतही मोबाइल बघता येतो.

आणखी एक गोष्ट, यात लोक फार फसतात. येणारी मेट्रो. "मॅडम, दोन वर्षांत स्टेशन होतंय समोर." वर्सोवा-घाटकोपर मेट्रोची पायाभरणी 2006 ला झाली, गाडी धावली जून 2014 मध्ये. नवी मुंबईची बेलापूर-पेंधर मेट्रो, अवघी अकरा किलोमीटरची. काम सुरू झालं 2011 ला आणि प्रवासी बसले नोव्हेंबर 2023 मध्ये. त्या भरवशावर बाळाच्या शाळेसाठी घर घेतलेल्यांचं बाळ कॉलेजात गेलं. मेट्रो येते, येत नाही असं नाही, आणि आली की खरंच फरक पडतो. पण सोय मोजताना आज धावणारी गाडी मोजा. उद्याची मेट्रो किमतीत धरलेली असतेच, तुम्ही तिचे पैसे आजच देत असता.

शेवटचा मुद्दा, आणि यावर मी जरा जोर देते. आपल्याकडे घर बदलणं म्हणजे विकणं आणि घेणं, असंच डोक्यात असतं. भाड्याने राहणं कमीपणाचं वाटतं. "स्वतःचं घर असताना भाड्याने?" अहो, पण बघा तरी. आपल्या शहरांत वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या साधारण दोन-तीन टक्के असतं. म्हणजे घराची किंमत ज्या मानाने चढली, भाडं त्या मानाने चढलं नाही. तुमचं डोंबिवलीचं घर भाड्याने द्या, हव्या त्या जागी अकरा महिन्यांसाठी घ्या, वरचा फरक खिशातून भरा. बहुतेकांच्या बाबतीत तो फरक 26 हजारांच्या हप्त्यापेक्षा कमीच येतो. करार मात्र लेखी करून नोंदवा, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे. सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल, ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. अकरा महिन्यांत एक पावसाळा येतो, एक परीक्षा येते, एक गणपती येतो. नवं ठिकाण काय आहे ते कळतं. नाही जमलं तर परत या. मी 1996 ला हे केलं असतं तर पहिल्या चार महिन्यांतच मला जाळीचं दार दिसलं असतं.

तोटा असा की मुलाची शाळा अकरा महिन्यांसाठी बदलता येत नाही. नववीत गेलेलं मूल असेल तर सरळ थांबा. आमच्या ह्यांचं तेवढं खरं होतं.

प्रश्न विचारा आता.

प्रश्न: माझं ऑफिस आठवड्यातून तीन दिवसच असतं, बाकी घरून. मग हिशोब बदलतो का?

खूपच. 250 दिवसांचे 150 झाले, म्हणजे तासाची किंमत 935 वरून दीड हजाराच्या वर गेली. वेळ विकत घेणं महाग झालं. दुसरीकडे घरात काम करायला खोली लागते, म्हणजे जागेची गरज वाढली. तुमच्यासारख्यांना लांबचं मोठं घर पुन्हा परवडायला लागलंय. फक्त एक आहे, ते तीन दिवस उद्या पाच होऊ शकतात, आणि ते तुमच्या हातात नाही. म्हणून विकत घेताना पाच दिवसांचाच हिशोब करा.

प्रश्न: आईवडील इथे डोंबिवलीत आहेत, त्यांना हलायचं नाही. मला अंधेरीला रोज चार तास जातात. त्यांना सोडून गेलो तर लोक काय म्हणतील?

लोकांचं सोडा. आईवडिलांना एकदा विचारलंत का, की तुम्ही चार तास प्रवास करून रात्री साडेनऊला येता, त्यात त्यांच्या वाट्याला तुम्ही किती येता? आठवडाभर जवळ राहून न भेटणारा मुलगा आणि शनिवार-रविवार पूर्ण येणारा मुलगा, यात त्यांना काय हवं आहे ते त्यांनाच सांगू दे. मी सासूबाईंना विचारलं नव्हतं. म्हणजे विचारलं होतं, पण करार झाल्यावर. रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कोण, याची सोय मात्र जाण्याआधी शेजाऱ्यांशी बोलून करा.

प्रश्न: तुम्ही आता कुठे राहता? मुलुंडलाच?

(हसून) हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मुलगी पुण्यात असते, बाणेरला. दोन वर्षं मागे लागली होती, आता तुमचं वय झालं, आमच्या सोसायटीतच या. दुसऱ्या विंगमध्ये. लिफ्ट नवी, जनरेटर आहे, खाली दवाखाना, जावई डॉक्टरांना ओळखतो. तिनेही कागदावर मांडून दाखवलं. माझीच मुलगी.

तर आम्ही अकरा महिन्यांचा करार करून तिथे राहतोय. मुलुंडचं घर दिलेलं नाही, कुलूप लावलंय. चार महिने झाले. सोय सगळी आहे. नात शाळेतून आली की आमच्याकडे येते, ते सुख मी कोणत्या रकान्यात लिहू? पण दर महिन्याला मला मुलुंडला यावं लागतं, दातांसाठी. एकेक दाताचं काम चाललंय. दोन दिवस राहते, मैत्रिणींना भेटते. परवा मुलगी म्हणाली, "आई, पुण्यात काय डेंटिस्ट नाहीत का?"

म्हटलं, आहेत.

आणि तुमच्या संयोजकांचा फोन आला, डोंबिवलीत याल का बोलायला, तेव्हा मी विषय न विचारताच हो म्हटलं. आज दुपारी लवकर आले. ते बाक अजून आहे, बसून आले थोडा वेळ.

करार मार्चमध्ये संपतोय. मुदत वाढवायची की नाही ते अजून ठरायचंय. आमच्या ह्यांना पुणे आवडलंय.